पंडिता रमाबाई आणि दुष्काळातील लेकी

यंदाच्या स्मरणिकेसाठी एका थोर स्त्रीचे चरित्र लिहावे असे चिटणीसबाईंनी मला सांगितले, तेव्हा मी पंडिता रमाबाईंचे नाव सुचविले. एकदोघी भगिनींनी शंका काढली की, रमाबाई तर ख्रिस्ती झाल्या, त्यांनी मिशन चालविले. आपल्या खंडोबाच्या अणदूरात त्यांचे चरित्र कशाला? शंका रास्त आहे. म्हणूनच त्यांच्या विद्वत्तेविषयी थोडे आणि दुष्काळातील कार्याविषयी अधिक, असे लिहावयाचे मी ठरविले.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळच्या रानात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे पंडित. बायकोला संस्कृत शिकविले म्हणून त्यांना लोकांचा रोष सोसावा लागला, पण त्यांनी आपला हेका सोडला नाही. पुढे लक्ष्मीबाईंनी तीच विद्या आपल्या लेकीला दिली. तीर्थयात्रा करावी, देवळात पुराण सांगावे आणि जी दक्षिणा मिळेल तीवर निर्वाह करावा, असा या कुटुंबाचा क्रम होता.

१८७४ पासून दक्षिणेत दुष्काळाचे दिवस आले. ज्यांच्याच घरी दाणा नाही ते पुराणिकाला काय देणार? गाठीचे संपले, भांडीकुंडी विकली, रानातला पाला खाण्याची पाळी आली. मोलमजुरी करावी तर तिची सवय नाही, आणि तीत कमीपणाही वाटे. आधी वडील गेले, मागोमाग आई, मग थोरली बहीण. आई अंथरुणाला खिळली असता भाकरीच्या तुकड्यासाठी रमाबाई एका घरी गेल्या. दारात उभ्या राहिल्या, पण तोंडातून शब्द फुटेना. त्या बाईंनी ओळखून भाकर दिली. आईला मात्र ती खाण्याचे त्राण उरले नव्हते. वेदशास्त्र जाणणाऱ्या घरावर ही वेळ आली. हातात एखादा धंदा असता तर! हा सल रमाबाईंच्या मनातून कधी गेला नसावा, असे मला त्यांचे पुढील आयुष्य पाहून वाटते.

उरलेली बहीणभावंडे हिंदुस्थानभर पायी हिंडली. पंजाबात झेलमच्या काठी पांघरूण नाही म्हणून वाळूत खड्डे करून, अंगावर वाळू ओढून त्यांनी रात्री काढल्या. १८७८ साली दोघे कलकत्त्यास पोहोचली. तेथील विद्वानांनी या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेऊन तिला पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी त्यांनी विवाह केला, पण दोन वर्षांच्या आतच पटकीने पती गेले. पदरी तान्ही मनोरमा घेऊन रमाबाई पुण्यास आल्या आणि १८८२ साली त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला.

पुढे त्या विलायतेस गेल्या व १८८३ साली तेथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १८८६ साली आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या, त्या समारंभासाठी त्या अमेरिकेस गेल्या. आपल्याकडील विधवांची दैना त्यांनी तेथे सांगितली आणि ग्रंथही लिहिला. बोस्टन शहरी मंडळ निघून त्याने दहा वर्षे मदतीचे वचन दिले. त्या बळावर मार्च १८८९ मध्ये मुंबईस शारदा सदन सुरू झाले. वर्षभराने ते पुण्यास आले. महर्षी कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई पूर्वाश्रमीच्या गोदूबाई. त्या याच सदनाच्या विद्यार्थिनी. मात्र सदनात ख्रिस्ती धर्माकडे ओढा वाढतो म्हणून १८९३ साली मोठे वादळ उठले. न्या. रानडे व डॉ. भांडारकर यांनी सल्लागार मंडळ सोडले आणि पुष्कळांनी आपल्या मुली परत नेल्या.

अशात १८९६-९७ चा दुष्काळ पडला. मध्य प्रांतातील बातम्या वाचून रमाबाईंना राहवेना. आपली आई, आपली बहीण त्यांना त्यात दिसली असेल. त्या स्वतः तिकडे गेल्या. सरकारी दुष्काळी कामे व अन्नछत्रे त्यांनी पाहिली. तेथे अनाथ मुलींना दाणा मिळेल, पण अब्रू राखणारे कोणी नाही, मुली फसवून नेणारी माणसे टपून बसली आहेत, हे त्यांच्या ध्यानी आले. सुमारे तीनशे मुली त्यांनी आणल्या. इकडे पुण्यात प्लेग. इतक्या जणींना शहरात ठेवण्याची परवानगी मिळेना. फळबागेसाठी केडगावला घेतलेली शंभर एकर जमीन होती. तेथेच तंबू व झोपड्या उभारल्या. तेच पुढे मुक्ती सदन झाले. सोलापूरहून पुण्यास जाताना दौंड सुटल्यावर केडगाव स्टेशन लागते, ते हेच.

आणलेल्या मुली म्हणजे हाडांचे सापळे. अंगावर खरूज, केसांत उवा, पोटात काही ठरत नसे. न्हाऊमाखू घालणे, पेज भरविणे, रात्र रात्र उशाशी बसणे, हे सारे बायकांनीच केले. किती तरी मुली उपचार करूनही दगावल्या. या कामात सातासमुद्रापलीकडून आलेल्या स्त्रियाही होत्या. मिनी एब्रम्स ही अमेरिकन बाई १८८७ साली मुंबईस आली आणि १८९८ पासून केडगावी रमाबाईंच्या जोडीने राबली. आपले घर, आपली माणसे सोडून परक्या मुलखात, प्लेग-पटकीच्या दिवसांत असे राहणे सोपे नव्हे.

१९०० साली गुजरातेत भयंकर दुष्काळ पडला. विक्रम संवत १९५६ म्हणून तिकडे त्याला छप्पनिया म्हणतात. रमाबाईंनी आपल्या सहकारी स्त्रिया तिकडे धाडल्या. थोड्याच दिवसांत मुक्तीतील संख्या दोन हजारांच्या घरात गेली. विहिरी खणल्या, शेत पिकविले. विणकाम, शिवणकाम, तेलघाणा, गाईम्हशी, बागाईत, छापखाना असे धंदे मुलींना शिकविले. अंध मुलींना ब्रेल लिपी शिकविली. रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक शिकून बायबलाचे मराठी भाषांतर केले, त्याचे खिळेही तेथील मुलींनीच जुळविले. जे आपल्या आईबापांच्या हाती नव्हते ते या लेकींच्या हाती त्यांनी दिले.

मनोरमाबाई आईच्या उजव्या हात. त्यांच्या साहाय्याने मायलेकींनी निजामी मुलखात गुलबर्ग्यास शाळा काढली. आपला जिल्हाही तेव्हा निजामीतच होता. १९२१ साली मनोरमाबाई गेल्या आणि ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी देह ठेवला.

आता आरंभीच्या शंकेकडे वळते. मुक्तीत मुलींना ख्रिस्ती धर्माचे शिक्षण मिळे, हे लपविण्याचे कारण नाही. त्याविषयी ज्याचे त्याचे मत असावे. पण ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आपण कोणी विसरलो नाही. किल्लारी-सास्तूरकडची गावे क्षणात ढिगारा झाली, हजारो माणसे गेली. धान्य, कपडे, ब्लँकेट यांची रीघ लागली. पण आईबाप गेलेल्या पोरांचे पुढे काय, हा प्रश्न धान्याच्या पोत्याने सुटत नव्हता. भारतीय जैन संघटनेने सुमारे बाराशे मुले शिक्षणासाठी पुण्यास नेली, तेव्हा मला रमाबाईंची आठवण झाली. संकटात पहिला घास कोणीही भरवील. दुसऱ्या वर्षीही त्या लेकराकडे पाहणारे विरळा.

आपल्या भागाला अवर्षण नवे नाही. पुन्हा तशी वेळ आली तर आपल्या मंडळाने सदावर्ताबरोबर शिवणयंत्रही मांडावे आणि पोरकी मुलगी कोणत्या जातीची, कोणत्या धर्माची हे न विचारता तिला त्यापुढे बसवावे. रमाबाईंचे स्मरण आपण इतके केले तरी पुष्कळ झाले.