एक्स्प्लेनर : चित्र कोटींचं, चित्रकार एका खोलीतला, कोण होते वासुदेव गायतोंडे?

डिसेंबर २०१३. क्रिस्टीज या लिलाव कंपनीचा भारतातला पहिलाच लिलाव मुंबईत झाला. त्यात १९७९ सालचं एक चित्र २३ कोटी ७० लाख रुपयांना गेलं. चित्रात ना माणूस, ना देव, ना डोंगर, फक्त रंग. चित्रकाराला जाऊन तेव्हा १२ वर्षं झाली होती. आकड्याची बातमी झाली, माणूस मागेच राहिला.

नागपूर ते न्यूयॉर्क

वासुदेव संतू गायतोंडे यांचा जन्म २ नोव्हेंबर १९२४ रोजी नागपुरात झाला. कुटुंब मूळचं गोव्याचं. ते वाढले मुंबईत, गिरगावातल्या चाळीत. मुलाने चित्रकार होणं वडिलांना पसंत नव्हतं. तरीही १९४८ मध्ये त्यांनी जे. जे. स्कूल ऑफ आर्टचा डिप्लोमा मिळवला. १९५० मध्ये हुसेन, रझा, सूझा यांच्या प्रोग्रेसिव्ह ग्रुपने त्यांना सोबत घेतलं. १९६४ मध्ये रॉकफेलर शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला गेले, १९७१ मध्ये पद्मश्री मिळाली.

मग ते दिल्लीत निजामुद्दीनला राहायला गेले. गच्चीवरची एक खोली, तीच राहायची आणि तीच रंगवायची जागा. लग्न केलं नाही. घरच्यांशी संबंध तुटत गेले.

वर्षाला पाच-सहाच चित्रं!

गायतोंडे दिवसेंदिवस विचार करत बसायचे आणि मग कॅनव्हासला हात लावायचे. ब्रशपेक्षा रोलर आणि रंग खरवडायची पट्टी जास्त चालायची. रंगाचा एक थर, त्यावर दुसरा. मग कागदाचे तुकडे दाबून काही रंग उचलून काढायचा. आपल्या कामाला अमूर्त म्हणणं त्यांना मान्य नव्हतं. वस्तुनिरपेक्ष हा शब्द त्यांना जवळचा वाटे. झेन विचारांचा त्यांच्यावर मोठा प्रभाव होता.

१९८४ मध्ये अपघात झाला आणि पुढची काही वर्षं मोठे कॅनव्हास जवळपास थांबलेच. १० ऑगस्ट २००१ रोजी त्यांचं निधन झालं.

मग जगाला कळले कसे?

ऑक्टोबर २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम म्युझियमने त्यांच्या आयुष्यभराच्या कामाचं प्रदर्शन भरवलं. सुमारे ४५ चित्रं देशोदेशीच्या संग्रहांतून गोळा करावी लागली. पुढच्या वर्षी ते इटलीत व्हेनिसला गेलं. २०१६ मध्ये मीरा मेनेझिस यांनी लिहिलेलं इंग्रजी चरित्र आलं. मराठीत मात्र सतीश नाईक यांच्या ‘चिन्ह’ने हे काम कितीतरी आधी सुरू केलं होतं. कोटींचे आकडे यायच्या आधी या अंकाने गायतोंडेंवर पानंच्या पानं दिली, याचं श्रेय कमीच दिलं जातं.

फोनवर पाहून चालेल?

खरं सांगायचं तर नाही. गुगलवर ही चित्रं नुसते पिवळे-करडे डाग दिसतात. स्क्रीन रंग दाखवते, थरांची जाडी दाखवत नाही. झूम केलं की उरतात फक्त पिक्सेल. बहुतेक चित्रं खासगी मालकीची असल्याने संग्रहालयाचं प्रदर्शन हीच आपल्यासारख्यांची संधी. बीडहून मुंबईला कामानिमित्त जाणं झालं, तर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जहांगीर निकल्सन संग्रहाचं दालन आहे. या संग्रहात गायतोंडे आहेत. चित्रं बदलत असतात, त्यामुळे निघण्याआधी फोन करून विचारलेलं बरं.