मिरजेचे डॉक्टर सर विल्यम वानलेस

दुखणे अंगावर काढणे ही आमच्या खेड्यांची जुनी खोड आहे. कसबा बावड्याच्या उसाच्या फडात कोयता पायावर पडला, तर जखमेत हळद दाबून माणूस पुन्हा कामास लागे. पोट धरून आले, तर डाग देत किंवा अफूची गोळी चारीत. आणि हे भोग देवानेच लाविले आहेत, ते निमूटपणे सोसावे, असे म्हणून घरची माणसे स्वस्थ बसत. आमच्या मंडळ्यांतूनही हा समज अद्याप गेला आहे असे म्हणवत नाही. म्हणून बावड्यापासून सुमारे तीस मैलांवर ज्यांनी वेदनेशी जवळजवळ चाळीस वर्षे झुंज दिली, त्या सद्गृहस्थांचे चरित्र आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो.

विल्यम जेम्स वानलेस ह्यांचा जन्म 1865 साली कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात झाला. न्यूयॉर्क येथे वैद्यकीचा अभ्यास पुरा करून 1889 साली ते पत्नी मेरीबाई ह्यांसह अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशनातर्फे हिंदुस्थानात आले. आरंभी त्यांनी सांगलीस दवाखाना चालविला. पुढे मिरजेच्या संस्थानिकांनी जागा दिली, फिलाडेल्फियाचे कन्व्हर्स नावाचे उदार गृहस्थ ह्यांनी द्रव्य दिले, आणि 1894 साली मिरजेचे इस्पितळ उघडले. कोल्हापूर ते मिरज आगगाडी 1891 सालीच सुरू झाली होती. त्यामुळे पंचगंगेकाठच्या रोग्यासही ते इस्पितळ दूर राहिले नाही.

शस्त्रक्रियेचे नाव काढताच त्या काळी लोकांच्या अंगावर काटा येई, आणि ते वावगेही नव्हते. 1846 साली बोस्टन शहरी ईथर हुंगवून रोग्यास बेशुद्ध करण्याची रीत प्रसिद्ध झाली. तिच्यापूर्वी चार धट्टेकट्टे लोक रोग्यास दाबून धरीत आणि शस्त्र चाले. 1847 साली एडिंबरोचे डॉक्टर सिम्प्सन ह्यांनी क्लोरोफॉर्म हे औषध उपयोगात आणिले व बाळंतिणींसही ते दिले. प्रसूतीच्या वेदना देवाने नेमिल्या आहेत, त्या हरण करणे पाप होय, अशी हरकत काही धार्मिकांनी घेतली. सिम्प्सन साहेबांनी शास्त्रातूनच उत्तर दिले: आदामाची फासळी काढण्यापूर्वी देवाने त्यास गाढ निद्रा आणिली होती. आमच्या मते ह्या उत्तरापुढे बोलावयास जागा उरत नाही.

वानलेस साहेब आले तेव्हा हिंदुस्थानात शस्त्रक्रियेसाठी क्लोरोफॉर्मच बहुधा वापरीत. ते निर्धोक नव्हे. प्रमाण चुकल्यास श्वास व हृदय बंद पडे, आणि ह्याच प्रश्नाच्या चौकशीसाठी 1888 व 1889 साली हैदराबादेत दोन कमिशने बसली होती. म्हणून देणाऱ्याने रोग्याच्या श्वासावरून लक्ष ढळू देता कामा नये. मोतीबिंदूच्या रोग्यास मात्र बेशुद्ध करण्याचे कारण नसे. 1884 सालापासून डोळ्यात कोकेनचे थेंब घालून तेवढाच भाग बधिर करिता येऊ लागला होता. मोतीबिंदू काढण्यात वानलेस साहेबांची मोठी ख्याती झाली. अशी निगा ठेवणारी माणसे येथेच तयार व्हावी म्हणून 1897 साली त्यांनी मिरजेस वैद्यकीय शाळा काढिली.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. चांगला वैद्य वेदना शमवितो खरा, पण आधी तिला विचारतो. एकाएकी उठलेली तीव्र वेदना ही बहुधा निरोप्यासारखी असते. पोटात उजवीकडे खाली कळ येते, ताप चढतो, ओकारी होते; तेथे आंत्रपुच्छ सुजलेले असू शकते. ते फुटले तर प्राणाशी गाठ. अशा वेळी घरच्या घरी अफू चारून कळ दाबणे किंवा डाग देणे म्हणजे निरोप्याचे तोंड बांधून घरास आग लागू देणे होय.

निरोप्या मुळीच आला नाही तर काय होते, हेही मिरजेस दिसले. 1900 साली वानलेस साहेबांच्या प्रयत्नाने तेथे कुष्ठरोग्यांसाठी आश्रयस्थान झाले. हा रोग मज्जातंतू मारितो. मग निखाऱ्यावर पाय पडला तरी कळत नाही, चप्पल चावली तरी कळत नाही. बोटे झडतात ती रोगाने आपोआप गळून पडतात असा समज होता, पण पुष्कळशी हानी ही वेदना नसल्यामुळे दुर्लक्षिलेल्या जखमांची असते, हे वेल्लोरचे डॉक्टर पॉल ब्रँड ह्यांनी 1946 नंतरच्या आपल्या कामात दाखविले. आज हा रोग औषधांनी बरा होतो. तथापि गेलेली संवेदना नेहमी परत येत नाही, म्हणून बऱ्या झालेल्यानेही रोज रात्री आपले तळपाय डोळ्यांनी तपासावे लागतात.

तिसरे दुखणे लांबणीचे. 1920 साली क्षयरोग्यांसाठी जे आरोग्यधाम त्यांनी उभारिले, तेथे शस्त्राने एका दिवसात काम उरकत नसे. क्षयावर औषध तेव्हा नव्हतेच. विसावा, मोकळी हवा, सकस अन्न आणि शुश्रूषा एवढीच साधने. तीन महिन्यांहून अधिक टिकणारी वेदना ही निराळीच गोष्ट आहे, असे हल्लीचे वैद्य मानतात. तिच्यात निरोप उरलेला असतोच असे नाही, पण ती झोप, भूक व उमेद खाते. तेथे एकट्या गोळीने भागत नाही; झेपेल तेवढी हालचाल, झोप आणि जवळ बसणारे माणूस हीही लागतात. कर्करोगाच्या वेदनेसाठी जागतिक आरोग्य संघटनेने 1986 साली पायऱ्या सांगितल्या: आधी साधी औषधे, मग अधिक जोराची, शेवटी मॉर्फिन. हे अफूपासूनच निघते. पण वैद्याच्या हाती, मोजून व वेळेवर दिलेले मॉर्फिन निराळे, आणि घरची गोळी निराळी. अशा रोग्यास व्यसन लागेल म्हणून तळमळत ठेवणे आम्हांस निर्दयपणाचे वाटते.

मेरीबाईंचे नाव कोल्हापुरातील मिशन इस्पितळास दिले गेले. वानलेस साहेबांस 1928 साली सर ही पदवी मिळाली, व त्याच वर्षी निवृत्त होऊन ते अमेरिकेस गेले. 1933 साली ते तेथेच वारले. सांगली-मिरजेच्या मध्ये, जेथे ते आरोग्यधाम होते, त्या वस्तीस लोक वानलेसवाडी म्हणतात.