साने गुरुजी : छात्रालयात घडलेला लेखक

महाराष्ट्र शासन दरवर्षी जे राज्य वाङ्मय पुरस्कार देते, त्यांत बालवाङ्मयाचा स्वतंत्र विभाग आहे. त्यातील बालकवितेचा पुरस्कार बालकवींच्या नावाने, तर कादंबरीचा साने गुरुजींच्या नावाने दिला जातो. निवासी शाळेच्या या स्मरणिकेत गुरुजींचे चरित्र सांगण्यास आणखी एक कारण आहे. मुलांसाठी लिहिणारा हा लेखक ग्रंथालयात नव्हे, छात्रालयात घडला.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म 24 डिसेंबर 1899 रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील पालगड येथे झाला. घराणे खोताचे, पण त्यांच्या बालपणीच ते कर्जात बुडाले. शिक्षणासाठी दापोली, औंध, पुणे अशी वणवण झाली आणि त्या काळात उपासमारही सोसावी लागली. 1917 मध्ये आई यशोदाबाई गेल्या. एम.ए. झाल्यावर 1924 मध्ये ते अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले आणि छात्रालयाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. मुलांच्या अस्ताव्यस्त खोल्या ते स्वतः झाडीत, त्यांचे कपडे धुऊन ठेवीत, आजाऱ्याच्या उशाशी बसत. मुलांसाठी ते स्वहस्ते दैनिक लिहीत. पुढे 1928 मध्ये त्यांनी ‘विद्यार्थी’ मासिक सुरू केले. ज्यांनी वसतिगृहात अधीक्षकाचे काम केले आहे, त्यांना यातील कष्ट वेगळे सांगावयास नकोत.

1930 मध्ये नोकरी सोडून ते सत्याग्रहात उतरले. ‘श्यामची आई’ हे पुस्तक नाशिकच्या तुरुंगात, फेब्रुवारी 1933 मध्ये अवघ्या पाच दिवसांत लिहिले गेले. त्यावरील आचार्य अत्रे यांच्या चित्रपटाला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले.

या पुस्तकाविषयी आपल्या समाजाने मोकळेपणाने बोलले पाहिजे. त्यात मोळी उचलू न शकणाऱ्या एका महार वृद्धेचा प्रसंग आहे. आई श्यामला तिच्या मदतीला धाडते, परंतु त्या मदतीनंतर आंघोळही आहे. आपल्या घरची मुले हा प्रसंग वाचताना श्यामच्या जागी नसतात, त्या वृद्धेच्या जागी असतात. म्हणून पुस्तक बाजूला ठेवावे, असे मी म्हणणार नाही. वर्गात तो भाग गाळून मात्र शिकवू नये.

लेखक स्वतः त्या आंघोळीपाशी थांबला नाही, याचा पुरावा पंढरपुरात आहे. विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे यासाठी त्यांनी आधी महाराष्ट्रभर दौरा केला आणि 1 मे 1947 पासून प्राणांतिक उपोषण आरंभिले. गांधीजींनाही आरंभी ते पटले नव्हते. दहा दिवसांनी मंदिर खुले करण्याचे मान्य झाले. त्या वेळी बाबासाहेबांचा मार्ग कधीच निराळा झालेला होता. काळाराम मंदिराचा सत्याग्रह 1930 मध्ये सुरू झाला आणि 1935 मध्ये येवल्यास धर्मांतराची घोषणा झाली. पुढे 16 ऑक्टोबर 1956 रोजी चंद्रपूरच्या भूमीवर आपल्या आजी-आजोबांनी धम्मदीक्षा घेतली, ती कोणत्याही मंदिराचे दार उघडण्याची वाट न पाहता. तरीही गुरुजींचे उपोषण मी निष्फळ मानीत नाही. ते आपल्यासाठी होते त्याहून अधिक सवर्णांच्या मनासाठी होते, आणि त्या मनाला उपोषणाची गरज होतीच.

निरनिराळ्या प्रांतांनी एकमेकांच्या भाषा शिकाव्यात, ही त्यांची आंतरभारतीची कल्पना. तमिळ ‘कुरल’ त्यांनी मराठीत आणले. आमच्या भामरागड-एटापल्लीकडील मुले घरी माडिया बोलतात आणि शाळेत मराठी पुस्तक उघडतात. ही कल्पना त्यांच्याइतकी दुसऱ्या कोणाला लागू पडेल? बालवाङ्मयाचे पुरस्कार जाहीर होतात तेव्हा त्या मुलांचे जंगल, मोहफुले, गोटुल कोणत्या पुस्तकात आले आहे, हे मी पाहतो. बहुधा निराशाच पदरी येते. ते पुस्तक आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकीच कोणी लिहावे.

15 ऑगस्ट 1948 रोजी गुरुजींनी ‘साधना’ साप्ताहिक सुरू केले. स्वातंत्र्यानंतरच्या निराशेने ते खचले आणि 11 जून 1950 रोजी त्यांनी स्वतःच आपले आयुष्य संपविले. ‘साधना’ आजही निघते. तिचा बालकुमार दिवाळी अंक आपल्या वाचनालयासाठी नियमित मागवावा, अशी संस्थेच्या कार्यकारिणीस माझी विनंती आहे.