अभिषिक्त राजाचे पुराणकार : फादर थॉमस स्टीफन्स



ज्युबिलीच्या ह्या मंगल प्रसंगीं, मसीहाचें चरित्र मराठी ओवींत गाणारे फादर थॉमस स्टीफन्स ह्यांचें स्मरण करणें आम्ही आपलें कर्तव्य समजतों.

ह्यांचा जन्म इ. स. १५४९ च्या सुमारास इंग्लंडांतील विल्टशायर परगण्यांत झाला. १५७५ सालीं रोम येथें येशूसंघांत प्रवेश करून ते १५७९ च्या ऑक्टोबरांत गोव्यास आले. पुढील चाळीस वर्षें त्यांनीं मुख्यतः साष्टी प्रांतांत सेवा केली. १६१९ सालीं ते देवाघरीं गेले.

तो काळ कठीण होता. पोर्तुगीज सत्तेनें देवळें पाडलीं होतीं. १५८३ सालीं कुंकळ्ळी येथें पांच येशूसंघीय ग्रामस्थांच्या रोषास बळी पडले होते. अशा ठिकाणीं तारणारा राजा आला आहे असें सांगितलें, तर ऐकणाराच्या डोळ्यांपुढें तरवारच उभी राहावयाची. प्रभूच्या काळींही असाच गैरसमज होता. रोमन जूं झुगारून देणारा दावीदवंशीय राजा येईल, अशी अनेक यहूदी लोकांची आशा होती.

मूळ इब्री शब्दावरून आलेल्या मसीहा ह्या नामाचा अर्थ अभिषिक्त. ग्रीक भाषेंतील ख्रिस्त ह्या नामाचाही तोच. इस्राएलांत राजाच्या व याजकाच्या मस्तकीं तेल ओतीत. आपला प्रभु राजा, याजक व संदेष्टा आहे. परंतु त्याचें सिंहासन क्रूस व मुकुट कांट्यांचा. त्यानें कोणाचे प्राण घेतले नाहींत, स्वतःचे दिले.

जुन्या पुराणांस मुकलेल्या नवख्रिस्ती लोकांसाठीं स्टीफन्स ह्यांनीं हेंच सुमारें अकरा हजार ओव्यांत गाइलें. क्रिस्तपुराण १६१६ सालीं राचोल येथें रोमन लिपींत छापलें गेलें. पहिल्या भागांत सृष्टीच्या उत्पत्तीपासून मसीहाची प्रतीक्षा, दुसऱ्यांत त्याच्या जन्मापासून स्वर्गारोहणापर्यंतची कथा आहे. शांताराम बंडेलू ह्यांनीं संपादिलेली त्याची देवनागरी आवृत्ति १९५६ सालीं आपल्याच पुण्यांतून निघाली.

स्टीफन्स त्या सत्तेच्या छत्राखालींच वावरले, हें लपविणें आम्हांस योग्य वाटत नाहीं. परंतु सत्तेची तरवार आज उरली नाहीं. लोकांच्या भाषेंतील ती ओवी उरली आहे.

बाप्तिस्म्याच्या वेळीं आपल्याही मस्तकीं पवित्र तेल लावलें गेलें आहे. स्वारगेटच्या गर्दींत परगांवचा अनोळखी वाटसरू भेटेल, तेव्हां त्याच्याच बोलींत त्याची विचारपूस करून त्याच्या उपयोगीं पडावें. अभिषिक्ताचे अनुयायी म्हणून आपली ओळख त्यावरूनच पटेल.