विश्लेषण : मेरी मॅग्डालीनवर ‘पतिते’चा शिक्का कुणी मारला?

मेरी मॅग्डालीन ही येशू ख्रिस्ताची शिष्या, गालील सरोवराकाठच्या मग्दला गावची. रिकाम्या कबरीची साक्षीदार म्हणून चारही शुभवर्तमानांत तिचे नाव येते. ती वेश्या होती, असे मात्र एकातही नाही. मग हा समज आला कुठून? इ.स. ५९१ मध्ये पोप पहिले ग्रेगरी यांनी एका प्रवचनात लूकच्या शुभवर्तमानातील निनावी पापी स्त्री, बेथानीची मेरी आणि मॅग्डालीन या तिघी एकच ठरवल्या. पूर्वेकडील चर्चने त्यांना वेगळेच मानले. पश्चिमेत मात्र चित्रकारांनीही तिला पश्चात्तापदग्ध रूपातच रंगवले. १९६९ मध्ये कॅथलिक चर्चने आपल्या सणांच्या दिनदर्शिकेत ही सरमिसळ दूर केली. २०१६ मध्ये तिच्या २२ जुलैच्या स्मृतिदिनाला प्रेषितांच्या सणांचा दर्जा मिळाला. एका प्रवचनाने बसलेला शिक्का अधिकृतपणे पुसायला जवळपास चौदा शतके लागली.