फाळक्यांच्या घरातला सिनेमा

दादासाहेब फाळके हे नाव आपल्यापैकी कुणाला नवे नाही. पण त्यांचे गुजरातशी आणि आपल्या सुरतेशी असलेले नाते, तसेच त्यांच्या कॅमेऱ्यामागे उभे राहिलेले घर, याची आठवण क्वचितच काढली जाते. यंदाच्या स्मरणिकेत आम्ही तेवढेच सांगणार आहोत.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरला झाला. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतून ते बडोद्याच्या कलाभवनात आले. पुढे गोध्र्याला त्यांनी फोटो स्टुडिओ थाटला. तिथे प्लेगने त्यांची पत्नी आणि मूल हिरावून नेले. नंतर पुरातत्त्व खात्यात नोकरी मिळाली, पण तीही त्यांनी सोडली. ठरलेला पगार सोडायला किती छाती लागते, हे आम्हा सरकारी नोकरांना सांगायला नको!

चाळिशीत मुंबईत त्यांनी ख्रिस्तचरित्राचा चित्रपट पाहिला आणि आपले देव पडद्यावर आणायचा ध्यास घेतला. कुंडीतल्या वाटाण्याची वाढ एकेक चित्र घेत टिपून त्यांनी छोटी फिल्म बनवली. विमा पॉलिसी गहाण ठेवून १९१२ मध्ये ते लंडनला गेले आणि विल्यमसन कॅमेरा घेऊन आले.

हा कॅमेरा हाताने फिरवायचा. त्या काळी सेकंदाला साधारण १६ चित्रे घेत आणि हात एका लयीत चालावा लागे. लय चुकली की पडद्यावरची माणसे धावू लागत. आपल्या कतारगामात हिऱ्याच्या घंटीवर बसणाऱ्याला हाताच्या लयीची किंमत वेगळी सांगायला नको.

कोऱ्या फिल्मला कडेची भोके घरीच पाडावी लागत, तीही अंधारात. हे काम दादासाहेबांच्या दुसऱ्या पत्नी सरस्वतीबाई करीत. फिल्म धुण्यातही त्यांचा हात असे आणि सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही त्याच पाहत. मुलगा भालचंद्र रोहिदास झाला. सुमारे ३७०० फुटांचा ‘राजा हरिश्चंद्र’ असा घरच्या माणसांच्या कष्टांवर तयार झाला आणि ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये लागला.

सुरतेत मात्र पहिल्या दिवशी गल्ला जमला अवघा तीन रुपये! थिएटरवाल्याने चित्रपट लांबवा किंवा दर उतरवा, असे सुचवले. फाळक्यांनी त्याऐवजी गुजरातीत जाहिरात केली की इथे तुम्हाला ५७ हजार फोटो पाहायला मिळतील. ही काही थाप नव्हती. एका फुटात १६ चित्रे, हा हिशेब कुणीही करून पाहावा. सुरतकरांना हिशेब पटला आणि गल्ला तीनशेवर गेला.

पुढे बोलपट आले आणि फाळके मागे पडले. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला त्यांचे निधन झाले. त्यांच्या बऱ्याचशा फिल्म आज नष्ट झाल्या आहेत. ‘राजा हरिश्चंद्र’सुद्धा पूर्ण उरलेला नाही.

म्हणून मंडळातील कुटुंबांना आमची विनंती आहे. माळ्यावर एखादे जुने आठ मिलिमीटरचे रीळ किंवा लग्नाची व्हिडिओ कॅसेट पडलेली असेल, तर दिवाळीच्या साफसफाईत ती भंगारात घालू नका. उन्हापासून, ओलीपासून जपा आणि जमेल तेव्हा तिची डिजिटल प्रत करून घ्या. त्यात आपले आजी-आजोबा अजून चालत-बोलत आहेत.

गणपती बाप्पा मोरया!