सर्जी प्रोकोफिएव्ह व त्यांची ज्यूलिएट

शेक्सपिअरचें 'रोमिओ आणि ज्यूलिएट' हें नाटक आमच्या वाचकांस ठाऊक असेलच. परंतु एकहि शब्द न बोलतां तें रंगभूमीवर कसें दाखवावें? हें काम रशियन संगीतकार सर्जी प्रोकोफिएव्ह (१८९१–१९५३) यांनीं १९३५ सालीं अंगावर घेतलें. मरणारा माणूस नाचूं शकत नाहीं, म्हणून त्यांनीं शेवट फिरविला व त्या प्रेमी युगुलास चक्क जिवंत ठेविलें! पुढें, त्या अखेरच्या संगीतांत खरा आनंद उतरलेला नाहीं, असें कोणीसें म्हणालें. तें त्यांच्या मनास लागलें. मरणहि नृत्यांत दाखवितां येईल अशी नृत्य बसविणारांनीं खात्री दिल्यावर त्यांनीं शेवट पुन्हां रचिला. स्वतःचें लिहिलेलें पुसणें किती जड जातें, हें निबंध लिहिणाऱ्या मुलांस आम्हीं सांगावयास नको.

मॉस्कोच्या बोल्शॉय नाट्यगृहानें हें संगीत नृत्यास अयोग्य ठरविलें होतें. पहिला प्रयोग डिसेंबर १९३८ मध्यें चेकोस्लोव्हाकियांतील ब्रनो येथें झाला. जानेवारी १९४० मध्यें लेनिनग्राडकरांनीं तो पाहिला. ज्यूलिएट झालेल्या गालिना उलानोव्हा यांनाहि तें संगीत आरंभीं परकें वाटलें होतें. प्रोकोफिएव्ह ५ मार्च १९५३ रोजीं वारले. त्याच दिवशीं स्टालिनचेंहि निधन झाल्यामुळें ती वार्ता वृत्तपत्रांत मागें पडली.